सापळे न लावता कॅम्परमध्ये आणि घरात उंदरांचा शिरकाव कसा थांबवावा?

प्रश्न – मोकळी_वाट

नमस्कार. आमच्याकडे एक कॅम्पर, म्हणजे आत राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, आहे. वर्षातले जेमतेम सहा-सात आठवडे ती रस्त्यावर असते आणि उरलेला सगळा काळ घराशेजारच्या मोकळ्या जागेत ताडपत्रीखाली उभी असते. या वेळी चार महिन्यांनी दार उघडले, तेव्हा आतला कोंदट, उग्र वास येताच काय झाले असावे ते लक्षात आले. ओट्याखालचा सर्वांत खालचा खण ओढला, तर तो अर्ध्यावरच अडला. मागे हात घालून पाहिल्यावर गादीतला कापूस, कागदी रुमालांचे तुकडे आणि पडद्याच्या अस्तराचे धागे एकत्र वळून केलेला मुठीएवढा गोळा हाती लागला. त्याच्या मध्यभागी अंगठा जाईल एवढी पोकळी होती आणि ती रिकामी होती. त्याच खणामागून जाणाऱ्या दोन वायरींचे आवरण बोटभर लांबीत सोलले गेले होते आणि आतले तांबे नव्यासारखे चकाकत होते. ते पाहून मला गादीच्या नुकसानीपेक्षा आगीची भीती अधिक वाटली.

सापळे आम्हांला नको आहेत, आणि त्यामागची कारणे आधीच सांगितलेली बरी. पिंजरा असो वा चापाचा सापळा, तो रोज पाहणारे माणूस लागते. जी गाडी तीन-तीन महिने कुणी उघडत नाही, तिच्या पिंजऱ्यात अडकलेला उंदीर उपाशी मरणार आणि तिथेच कुजणार. घरात पूर्वी एकदा चिकटपट्टी लावली होती. पहाटे सर्वांत आधी उठलेल्या माझ्या मुलाने तिच्यावर चिकटलेला जिवंत उंदीर पाहिला, आणि त्या जिवाची सुटण्याची धडपड त्याच्या मनातून बरेच दिवस गेली नाही. माझ्याही गेली नाही. विषाचा विचार आम्ही करत नाही, कारण विष खाल्लेला उंदीर भिंतीच्या किंवा फरशीच्या पोकळीत जाऊन मरतो आणि बाहेर पडलाच, तर त्याला खाणाऱ्या घुबडाच्या किंवा मांजराच्या पोटात ते विष जाते.

घरातही अलीकडे रात्री स्वयंपाकघराच्या भिंतीमागे कुरतडल्याचा आवाज येतो. म्हणून विचारते की, घर आणि कॅम्पर या दोहोंमध्ये नेमक्या कोणत्या जागा पाहाव्यात, त्या कशाने बुजवाव्यात, आणि महिनोन्‌महिने कुणी फिरकत नसतानाही टिकेल असा एखादा उपाय आहे का?

प्रतिसाद – भिंत_आणि_छप्पर

मी अनेक वर्षे घरदुरुस्तीची कामे करतो आणि उंदरांच्या तक्रारीवरून मला बऱ्याचदा बोलावले जाते. सापळे न लावण्याचा आपला निर्णय दयेपोटी असला, तरी व्यवहाराच्या दृष्टीनेही तो योग्य आहे. घरातल्या लहान उंदराची मादी सुमारे वीस दिवसांत विते, एका वेतात साधारण ५ ते ८ पिल्ले होतात आणि ती पिल्ले सहा ते आठ आठवड्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. भोक उघडे ठेवून आपण आतले दोन-चार पकडले, तर मोकळी झालेली ऊबदार जागा बाहेरचे दुसरे उंदीर घेतात. म्हणून मी उंदीर शोधत बसत नाही, भोके शोधतो.

भोक किती लहान असले तरी धोक्याचे, याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. लहान उंदीर सुमारे ६ मिलिमीटरच्या फटीतूनही आत येऊ शकतो, कारण त्याचे डोके गेले की बाकीचे मऊ शरीर मागून सरकते. साधी पेन्सिल सुमारे ७ मिलिमीटर जाडीची असते. ती ज्या भोकात सहज शिरते, ते भोक उंदराचे आहे असे समजावे. मोठ्या उंदराला सुमारे १२ मिलिमीटर लागतात. आपल्याकडे कोणता आहे, हे लेंड्यांवरून कळते. लहान उंदराच्या लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या, ३ ते ६ मिलिमीटरच्या आणि टोकदार असतात, मोठ्या उंदराच्या त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब असतात. आपल्या खणातल्या घरट्याचा आकार पाहता तो लहान उंदीरच असावा.

स्वयंपाकघरात सर्वांत आधी सिंकखाली पाहा. नळजोडणी करताना भिंतीला पाइपाच्या जवळजवळ दुप्पट भोक पाडले जाते, त्यातून पाइप घातला जातो आणि वर एक गोल चकती सरकवून काम संपवले जाते. दिसायला ते स्वच्छ दिसते. ती चकती बोटाने पुढे ओढली की मागे काळोखी पोकळी दिसते, आणि बहुधा तिच्या कडेला तेलकट काळपट डाग असतो. उंदीर भिंतीला अंग घासत जातो, रोज त्याच वाटेने जातो, आणि त्याच्या अंगावरचा मळ व तेल तिथे साचत राहते. हा डाग म्हणजे त्याने स्वतः दाखवलेला रस्ता आहे. असाच डाग गॅसच्या नळीभोवती, फ्रिजमागे, वायरींच्या भोकांशी आणि कपाटाच्या तळाला पाहावा. मग दारे पाहावीत. दाराच्या चौकटीचे खालचे दोन्ही कोपरे नेहमी जास्त झिजलेले असतात, आणि दाराखाली पट्टी लावली असली, तरी ती बरोबर कोपऱ्याशीच अर्धा-पाऊण इंच अपुरी पडलेली आढळते.

भोक बुजवण्याबाबत एक चूक मी सतत पाहतो. डब्यातून फवारला जाणारा, फुगून घट्ट होणारा फोम वापरून लोक निश्चिंत होतात. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, त्यामुळे त्याला कुरतडावेच लागते, आणि तो फोम एका रात्रीत पोखरून जातो. फोम हवा अडवतो, उंदीर नाही. आधी भोकात स्टेनलेस स्टीलची किंवा तांब्याची तारेची जाळी घट्ट ठासावी, इतकी की चिमटीने ओढली तरी निघू नये, आणि मग तिच्यावर सिमेंट किंवा सीलंट भरावे. साधे लोखंडी स्टील वूल ओलाव्याच्या जागी वापरू नये, कारण ते वर्ष-दोन वर्षांत गंजून भुगा होते आणि भोक पुन्हा मोकळे होते. मोठ्या उघड्या जागांसाठी ६ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक चौकटीची जस्ताचा मुलामा दिलेली जाळी स्क्रूने बसवावी. विटांच्या भिंतीत पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके मात्र कधीही लिंपू नयेत. तिथे फक्त जाळी लावावी, नाहीतर उंदीर थांबेल आणि ओल सुरू होईल.

बुजवण्यापूर्वी आत कुणी राहिलेले नाही याची खात्री करणे अतिशय गरजेचे आहे. संशयाच्या प्रत्येक भोकात वर्तमानपत्राचा बोळा सैलसर कोंबून ठेवावा आणि रोज सकाळी पाहावा. बोळा ढकललेला किंवा कुरतडलेला असेल, तर वाट वापरात आहे. सलग तीन-चार रात्री तो जसाच्या तसा राहिला, तर ते भोक पक्के बंद करावे. वापरातल्या भोकांपैकी बाहेर उघडणारे एक शेवटपर्यंत ठेवावे आणि त्यावर बाहेरच्या बाजूला एकाच दिशेने उघडणारी हलकी झडप लावावी, म्हणजे आतला उंदीर ढकलून बाहेर पडतो, पण परत येऊ शकत नाही. घरट्यात पिल्ले असतील, तर ही घाई करू नये. ती साधारण तीन आठवड्यांत स्वतः खाऊ-फिरू लागतात, तोवर थांबावे. आईला बाहेर अडवून पिल्लांना भिंतीत मरू दिले, तर सापळा टाळून आपण काहीच साधले नाही.

प्रतिसाद – चाकांवरचे_बिऱ्हाड

वरच्या प्रतिसादातले सारे घराला लागू आहेच. कॅम्परचे बरेचसे काम मात्र गाडीखाली झोपून करावे लागते, म्हणून माझा अनुभव लिहितो.

पहिल्या वर्षी मी आतून सगळी कपाटे तपासली, दिसतील त्या फटी बुजवल्या आणि तरीही उंदीर आलेच. दुसऱ्या वर्षी एका मित्राच्या सांगण्यावरून रात्री गाडीतले सगळे दिवे लावले, कपाटांची व खणांची दारे उघडी ठेवली, आसनांखालच्या फळ्या काढल्या आणि बाहेर अंधारात सतरंजी टाकून गाडीखाली सरकलो. तळाला अकरा ठिकाणी उजेड दिसला. त्यांतली चार भोके सांडपाण्याच्या नळ्यांभोवती होती, तीन वायरींभोवती, दोन चाकांवरच्या पोकळीत, एक गॅसच्या नळीशी, आणि एक पायरीच्या सांगाड्यामागे, जे मला आतून आयुष्यात सापडले नसते. प्रत्येक भोकाशी खडूने खूण केली आणि दुसऱ्या दिवशी उजेडात काम केले. शक्य असेल, तर दोघांनी मिळून हे करावे. एकाने आत विजेरी फिरवावी आणि दुसऱ्याने खालून सांगावे.

उंदीर चाकांवरून चढतो, जमिनीला टेकलेल्या आधाराच्या पायांवरून चढतो आणि बाहेरून जोडलेल्या विजेच्या केबलवरूनही सहज चालत येतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर केबल आणि पाण्याची नळी काढून ठेवावी आणि केबलच्या झाकणातली खाच तपासावी. केबल बाहेर काढण्यासाठी ठेवलेली ती खाच झाकण बंद केल्यावरही उघडीच राहते. बाहेर सरकणारा खोलीचा भाग आपल्या गाडीला असेल, तर त्याच्या कोपऱ्यांतले रबर पाहावे, कारण दोन पट्ट्या जिथे भेटतात तिथे रबर आखडून फट पडते.

आता सर्वांत महत्त्वाचे लिहितो आणि ते कृपया काळजीपूर्वक वाचावे. कॅम्परच्या तळाला काही भोके मुद्दाम ठेवलेली असतात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो खाली साचतो, आणि तो गाडीबाहेर वाहून जावा म्हणून गॅसच्या कप्प्यात आणि शेगडीजवळ तळाशी ही भोके दिलेली असतात. ती बुजवली, तर उंदीर बाहेर राहील, पण गळलेला गॅस आत राहील. हिटरच्या आणि गॅसवर चालणाऱ्या फ्रिजच्या झरोक्यांचेही तसेच आहे. ते बंद झाले, तर जळालेल्या गॅसचा धूर कार्बन मोनॉक्साइडसह आत परतू शकतो. गॅस वाहून जाण्याच्या भोकांवर हवेला अडथळा होणार नाही अशी धातूची जाळी बसवावी आणि ती चिखल-पाल्याने भरत नाही ना, हे दर खेपेला पाहावे. उपकरणांच्या झरोक्यांसाठी मात्र त्या उपकरणाला चालेल अशीच जाळी घ्यावी आणि शंका असल्यास गॅसचे काम जाणणाऱ्या माणसाला दाखवावे. हंगामाच्या सुरुवातीला हिटर पेटवण्यापूर्वी त्याची नळी उघडून आत घरटे नाही, याची खात्री केलीच पाहिजे. सोललेल्या वायरी चिकटपट्टी गुंडाळून चालवू नयेत. त्या बदलून घेईपर्यंत बॅटरीची जोडणी काढून ठेवावी.

गाडी बंद करताना आत खाण्याचा कणही ठेवू नये. साबण, मेणबत्त्या आणि कागदी रुमालदेखील काढावेत, कारण पहिल्या दोन वस्तू तो कुरतडतो आणि तिसरीचे घरटे करतो. गाद्या घरात आणता येत नसतील, तर त्या उभ्या करून ठेवाव्यात. खण अर्धे ओढून, कपाटे उघडी ठेवली, तर आत उजेड आणि वारा खेळतो आणि त्याला हवा तसा बंद काळोख मिळत नाही. उभी करण्याची जागाही महत्त्वाची आहे. उंच गवतात, लाकडांच्या ढिगाशेजारी किंवा कुंपणाच्या झुडपांना टेकून गाडी ठेवली, तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते. ताडपत्री जमिनीपर्यंत लोंबत असेल, तर ती वर बांधा. तिच्या आडोशाने चाकांपर्यंत येणारी वाट झाकली जाते आणि उंदराला उघड्यावर यावेच लागत नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद – मोकळी_वाट

दोघांचेही मनापासून आभार. गॅसची भोके मी खात्रीने बुजवली असती, त्यामुळे ते वाक्य मी घरी सर्वांना मोठ्याने वाचून दाखवले. आणखी एक विचारते. ओळखीचे लोक ध्वनिलहरी सोडणारे यंत्र, पुदिन्याचे तेल, डांबरगोळ्या आणि मांजर असे चार उपाय सांगतात. गाडी बंद असताना यांपैकी कशाचा उपयोग होईल का?

प्रतिसाद – भिंत_आणि_छप्पर

या चारांपैकी एकावरही मी माझी गाडी सोपवणार नाही. माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च आवाजाची यंत्रे सुरुवातीचे काही दिवस उंदराला बिचकवू शकतात, परंतु तो त्या आवाजाला सरावतो. शिवाय हा आवाज भिंत, फळी किंवा गादी भेदून पलीकडे जात नाही, आणि उंदराचे घरटे नेमके फळीमागेच असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये अशा यंत्रांच्या साठहून अधिक उत्पादक व विक्रेत्यांना, आपले दावे शास्त्रीय पुराव्याने सिद्ध करता आले पाहिजेत, अशी ताकीद दिली होती.

पुदिन्याच्या तेलाचा वास काही दिवसांत उडून जातो. चार महिने बंद असलेल्या गाडीत ते दर आठवड्याला कोण शिंपडणार? भूक आणि थंडी यांपुढे वासाची अडचण उंदीर सहन करतो, आणि डांबरगोळ्यांशेजारी केलेली घरटी मी स्वतः काढली आहेत. त्या गोळ्यांबद्दल तर माझा ठाम विरोध आहे. त्यांतले नॅफ्थलिन हवेत मिसळते, गाद्या आणि पडदे ते शोषून घेतात, आणि पुढे त्याच बंद जागेत तुमचे मूल झोपणार असते. कपड्यांच्या घट्ट बंद पेटीसाठी असलेली वस्तू राहत्या गाडीत पसरू नये.

मांजराचे म्हणाल, तर मांजर असलेल्या घरांतही भिंतींच्या पोकळीत उंदीर राहतात, कारण मांजर तिथे पोहोचत नाही, आणि त्याच्या वाडग्यात रात्रभर राहिलेले खाणे त्यांना आयतेच मिळते. लहान उंदराला दिवसाला जेमतेम ३-४ ग्रॅम अन्न पुरते आणि त्यातल्या ओलाव्यावर तो बरेच दिवस पाण्यावाचून राहू शकतो. म्हणून घरात धान्य व पीठ काचेच्या किंवा धातूच्या डब्यांत ठेवणे आणि पाळीव प्राण्यांचा वाडगा रात्री उचलणे, एवढ्यानेही बराच फरक पडतो. प्लास्टिकचा पातळ डबा तो कुरतडतो.

प्रतिसाद – आरोग्य_प्रथम

मी रुग्णालयात संसर्ग-नियंत्रणाचे काम करते. वरील चर्चेत साफसफाईचा उल्लेख नाही, म्हणून लिहिते. ते घरटे आपण उघड्या हाताने काढले असावे, असे प्रश्नावरून वाटते. पुढच्या वेळी कृपया तसे करू नका.

उंदरांच्या लघवी-लेंड्यांतून लेप्टोस्पायरोसिस आणि साल्मोनेला यांचा संसर्ग होऊ शकतो. काही प्रदेशांतल्या रानउंदरांकडून हंटाव्हायरसही येतो. १९९३ मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात त्याची गंभीर साथ ओळखली गेली. हंटाव्हायरसचे कण वाळलेल्या लेंड्यांच्या धुळीबरोबर श्वासात जातात. याच कारणाने कोरड्या लेंड्या झाडूने लोटू नयेत आणि व्हॅक्यूम क्लीनरही लावू नये, कारण दोन्हींनी तीच धूळ हवेत उडते. आधी गाडीची दारे-खिडक्या उघडून निदान अर्धा तास बाहेर थांबावे. मग रबरी हातमोजे घालून, एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी या प्रमाणात ताजे केलेले द्रावण लेंड्यांवर आणि घरट्यावर पूर्ण भिजेपर्यंत हळुवार फवारावे, पाच मिनिटे थांबावे आणि मग कागदाने टिपून दुहेरी पिशवीत बांधून टाकावे. ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही सफाईचे रसायन मिसळू नये. हातमोजे काढण्यापूर्वी ते हातात असतानाच धुवावेत आणि त्यानंतर हात साबणाने धुवावेत.

सफाईनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत, कधीकधी त्याहूनही उशिरा, घरातल्या कुणाला ताप, तीव्र अंगदुखी किंवा दम लागणे असा त्रास झाला, तर डॉक्टरांना उंदरांशी संबंध आल्याचे आवर्जून सांगावे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद – मोकळी_वाट

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. घरात सिंकखालची चकती पुढे ओढली, तेव्हा सांगितल्याप्रमाणेच पोकळी होती आणि कडेला तो तेलकट डागही होता. कागदाचा बोळा पहिल्या दोन रात्री बाहेर ढकललेला मिळाला. बाहेरच्या बाजूला, जिथे ती पाइप भिंतीबाहेर येते, तिथे जाळीची झडप लावल्यावर तिसऱ्या रात्री तो थोडा सरकला होता आणि त्यानंतर पाच रात्री हललेला नाही. काल ते भोक तांब्याची जाळी ठासून सिमेंटने बंद केले. भिंतीमागचा आवाज थांबला आहे.

कॅम्परच्या तळाला आम्हांला सात ठिकाणी उजेड दिसला. मुलगा आत विजेरी धरून होता आणि मी खाली खूण करत होते. सहा भोके बंद झाली. सातवे शेगडीखालचे गॅसचे असल्याने त्यावर फक्त जाळी बसवली आहे. दोन्ही वायरी बदलून घेतल्या. डाव्या चाकावरच्या पोकळीत मात्र पत्र्याचा एक जोड गंजून सुटला आहे आणि तिथे जाळी धरायला घट्ट कडाच उरलेली नाही. तिथे पत्र्याचा नवा तुकडा रिव्हेटने बसवावा की आधी गंजलेला भाग कापून काढावा, याबद्दल कुणी सांगू शकेल का?

प्रतिसाद – भिंत_आणि_छप्पर

आधी कापावा. गंजलेल्या पत्र्यात रिव्हेट धरत नाही. चाकाने उडालेल्या चिखलाने आणि हादऱ्यांनी तो एका प्रवासात सैल होईल. चकचकीत, निरोगी धातू लागेपर्यंत कापा, कडांना गंजरोधक रंग द्या आणि नवा तुकडा चारही बाजूंनी निदान २५ मिलिमीटर चढेल एवढा घ्या. दोन पत्र्यांच्या मध्ये सीलंटची सलग रेघ सोडून मगच रिव्हेट ठोका, आणि दोन रिव्हेटमधले अंतर ४० मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवू नका, म्हणजे मध्ये पत्रा उचलून फट पडणार नाही. कापण्यापूर्वी त्या पोकळीतून कोणती वायर किंवा नळी जाते, ते आतून पाहून घ्या.